लिंबाजीचा वीरगळ

लिंबाजी पाथरवट गेल्याची बातमी मला कळंबच्या शाळेच्या पायरीवर मिळाली. मुलं कवायत करत होती आणि मी सावलीत उभा राहून हजेरीपट चाळत होतो. येरमाळ्याच्या बाजारातून परतणाऱ्या आमच्या गावच्या एका माणसानं मुद्दाम वाट वाकडी केली होती. डोक्याचं मुंडासं काढून हातात धरून तो म्हणाला, "मास्तर, लिंबाजी गेला. सकाळी भाकर खाऊन बसला व्हता... तसाच कलंडला." चाळीस वर्षं दगडाची धूळ छातीत साठवलेला माणूस यापेक्षा वेगळा काय जाणार? पण खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही, राग आला. लिंबाजीवर नाही. ज्याचं नाक कापलेलं बघायला लिंबाजी सहा वर्षं जगला, तो साहेब अजून धडधाकट आहे, सभांमधून हार घालून घेतो आहे, आणि लिंबाजी मात्र चार लाकडांवर... गावात आणि शाळेत मी सौम्य माणूस म्हणून ओळखला जातो. हा लेख वाचून तो समज गेला तर बरंच होईल.

आमचं गाव येरमाळ्याच्या अलीकडे, बालाघाटाच्या एका घडीत आहे. तीन बाजूंनी डोंगर आणि मधे दगडी बांधाचं जुनं तळं. बांध कुणी घातला ते कुणाला ठाऊक नाही. वरच्या कड्यात दोन कोरीव लेणी आहेत, त्यांत आता वटवाघळं राहतात. तळ्याच्या काठावर एक वीरगळ होता. लढाईत पडलेल्या माणसाच्या नावानं उभा केलेला कोरीव दगड म्हणजे वीरगळ, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. आमचा वीरगळ कमरेएवढा होता, पण त्यावर काय कोरलं आहे ते माझ्या आजोबांनीही पाहिलं नव्हतं. कारण दर पोळ्याला त्याला तेल-शेंदूर लावायचा मान पाथरवटांच्या घराकडे होता आणि कितीतरी पिढ्यांनी तो मान इतक्या भक्तीनं सांभाळला होता, की दगडावर हातभर जाड शेंदराचं कवच चढलं होतं. घोड्याचा आकार तेवढा कळायचा, वर बसलेला माणूस कळायचा, बाकी सगळा लाल गोळा. गावात आलेली प्रत्येक नवी नवरी पाण्याची पहिली घागर त्या दगडावर ओतायची आणि मगच घरी पाणी न्यायची.

लिंबाजी माझ्या बरोबरीचा. तो जाती, पाटे, उखळ घडवायचा आणि मी निजामाच्या राज्यातल्या बाकी मास्तरांसारखा मराठी पोरांना उर्दूतून भूगोल शिकवायचो. आमची दोस्ती जमली ती हिंडण्यातून. सुट्टी लागली की आम्ही दोघं जुन्या जागा बघायला निघायचो. परांड्याचा किल्ला पाहिला, तेरचं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड पायाखाली घातलं, धाराशिवची लेणी तर तीनदा पाहिली. मी वहीत टिपणं काढायचो. पेन्सिल कायम माझ्या कानावर असायची. लिंबाजी काही लिहायचा नाही, तो भिंतीवर तळवा टेकवून उभा राहायचा आणि मग बोटाच्या पेरानं दगड वाजवायचा. नळदुर्गात नदी अडवून बांधलेल्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. वरून पाणी कोसळत असताना आत कोरडं उभं राहता येतं. तिथं मी बांधणाऱ्या सुलतानाचं कौतुक करत होतो, तर लिंबाजी म्हणाला, "मास्तर, सुलतानानं एक तरी चिरा उचलला आसंल का? ह्ये बगा, हितं छिन्नी घसरली हाय. कुणाचा तरी हात दुखत व्हता त्या दिशी." त्यानंतर कुठलीही जुनी जागा मला राजाची वाटली नाही.

आता पापाकडे येतो... सहा वर्षांपूर्वी, महायुद्धाच्या दिवसांत, रॉकेलसुद्धा चिठ्ठीवर मिळत होतं तेव्हा, एका बड्या जहागीरदारानं हैदराबादेत आपल्या बंगल्याच्या एका भागात अजायबघर उघडलं. त्यासाठी जुन्या वस्तू जमवायला एक मोहतमीम, म्हणजे व्यवस्थापक, नेमला होता. हा साहेब आपल्याच मुलुखातला, मराठी बोलणारा, पण शेरवानी आणि दस्तार, म्हणजे दरबारी पगडी, घातली की मराठी विसरणारा. नाकाच्या बाजूला वाटाण्याएवढा मस, हनुवटीखाली दुसरी हनुवटी आणि हातात चांदीच्या मुठीची छडी. धाराशिवात त्यानं आम्हा मास्तरांना बोलावून सांगितलं, की आपापल्या गावच्या जुन्या वस्तूंची माहिती लिहून द्या. बाकीच्यांनी दोन ओळींत काम उरकलं. मी चार पानं लिहिली, सुबक उर्दूत, तळं, लेणी आणि वीरगळ यांच्या आकृत्यांसकट. साहेबानं पाठ थोपटली तेव्हा मला मूठभर मांस चढलं. मला वाटलं, आमच्या गावाचं नाव होईल.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला साहेब चार माणसं आणि गाडी घेऊन तळ्यावर हजर झाला. हातात माझी पानं होती. वीरगळाकडे छडी करून त्यानं मला विचारलं, "हेच ना, मास्तर?" आणि मी मान हलवली. लिंबाजी तेव्हा खाणीवर गेला होता. त्याचे वडील, भिवाआबा, दगडाला पाठ लावून उभे राहिले. "साहेब, ह्यो दगड न्हाय, गावचा माणूस हाय. ह्येला पाण्यावरून हलवू नगा," एवढंच ते म्हणाले. साहेब हसला. त्यानं आबांना उजवा हात वीरगळाच्या माथ्यावर ठेवायला लावला, जणू शपथच घ्यायची आहे, आणि छडीची मूठ उलटी धरून त्या हातावर मारली. एकदा नाही, तीनदा. पाथरवटाचा हात! मी चार पावलांवर होतो, वही काखेत, पेन्सिल कानावर. मी तोंडातून ब्र काढला नाही. नोकरी जाईल ही भीती होती, हे आज कबूल करायला काही वाटत नाही, तेव्हा मात्र मी स्वतःला निराळंच काहीतरी सांगितलं होतं.

दगड त्या दिवशी नेता आला नाही. ओरबाडून काढला तर तडकेल आणि पाऊस तोंडावर आल्यानं गाडी चिखलात रुतेल, हे साहेबालाही कळत होतं. त्यानं हुकूम दिला, की पाथरवटाच्या पोरानं दगड नीट सोडवावा, शेंदूर उतरवून स्वच्छ करावा आणि दसऱ्यानंतर हैदराबादला पोचवावा, नाहीतर बाप-लेक दोघांनाही आत टाकीन. एवढं सांगून तो गेला. शेंदराखाली काय आहे ते त्यानं पाहिलंच नव्हतं. एवढा विद्वान माणूस, पण ज्याच्यासाठी एका म्हाताऱ्याची बोटं मोडली तो दगड कसा दिसतो हेही बघायची तसदी घेतली नाही!

त्या पावसाळ्यात लिंबाजी कुणाला दिसला नाही. दगड खाणीवर नेऊन तिथल्या छपरात ताडपत्री टांगून तो काम करत होता. आबांच्या हाताची बोटं वेडीवाकडी सांधली, त्यांना घास उचलता येईना, तो लिंबाजीची बायको कोंडाबाई भरवायची. दसऱ्याला धुऊन पुसून लख्ख केलेला वीरगळ पेंढ्यात बांधून गाडीवर चढला तेव्हा बायका मोठ्यानं रडल्या. पुढं तीन महिन्यांत आबा गेले.

पुढच्या उन्हाळ्यात लिंबाजीच म्हणाला, "मास्तर, चला, आपला दगड बघून येऊ." नळदुर्गावरून जाणाऱ्या सरकारी बसनं आम्ही हैदराबादला गेलो. अजायबघरात कारंज्याच्या मागच्या दालनात लाल मखमलीवर आमचा वीरगळ उभा होता. उर्दू पाटीवर साहेबानं स्वतः शोधून काढल्याचं लिहिलं होतं. घोडा उधळलेला, वर तलवार उगारलेला वीर आणि खाली टापांत तुडवली जाणारी दोन माणसं. मी गहिवरून बघत होतो, इतक्यात लिंबाजीनं माझं मनगट धरलं. "पहिल्याचं त्वांड बगा." मी वाकून पाहिलं... नाकाच्या बाजूला मस. हनुवटीखाली दुसरी हनुवटी. तोंड वासलेलं, डोळे बाहेर आलेले, आणि घोड्याची टाप बरोबर उजव्या हातावर! मी दचकून लिंबाजीकडे पाहिलं. "ह्यो म्या घडीवला," तो कुजबुजला. "जुना दिसाया पाह्यजे म्हणून ताक लावलं, राखंत भाजला, म्हयनाभर तळ्याच्या गाळात पुरला. आपला दगड आपल्यापाशीच हाय. कुठं हाय ते इचारू नगा."

मला आयुष्यात इतका आनंद क्वचितच झाला असेल. मी दुसऱ्या माणसाकडे बोट दाखवलं. तो हाडकुळा, गुडघ्यांत मान घातलेला, चेहरा अर्धाच दिसणारा, कानाशी काहीतरी लांबट. "हा कोण?" लिंबाजी म्हणाला, "त्यो? त्यो आसाच. जागा मोकळी दिसत व्हती." "कानात कुंडल आहे का?" "व्हय, कुंडल." मी पुन्हा साहेबाच्या मसाकडे वळलो.

तेव्हापासून ही आमची दर उन्हाळ्याची यात्राच झाली. लोक देवाला जातात, आम्ही सूड बघायला जायचो. एका वर्षी तर साहेब स्वतः पाहुण्यांना घेऊन तिथं आला. आम्हाला त्यानं ओळखलं नाही, आमच्यासारखी माणसं त्याच्या लक्षात राहण्याजोगी नव्हतीच. त्यानं छडीचं टोक स्वतःच्याच दगडी नाकावर टेकवलं आणि म्हणाला, "इस चेहरे का खौफ देखिए! काय कारागिरी आहे! आजचा कुणी पाथरवट असं काही घडवू शकेल का?" पाहुणे माना डोलवत होते. मी हसू दाबायला कारंज्याकडे पळालो. लिंबाजी मात्र तिथंच दगडासारखा उभा होता. मागाहून त्याला विचारलं तर म्हणाला, "वळखंना ह्यो सोताला. आरसा कदी बघितला न्हाय का काय मेल्यानं?"

आणखी एक आठवण आहे. तिचा अर्थ मला आत्ता आत्ता लागला. लिंबाजी त्या दगडापुढे फार वेळ रेंगाळायचा. पहारेकरी जवळ येऊन खाकरायचा, तरी हलायचा नाही. एकदा वाकून बघताना त्याच्या कमरेतून एक छिन्नी खणकन फरशीवर पडली. बारीक, नक्षीकामाची छिन्नी. पहारेकऱ्यानं आम्हाला दंडाला धरून बाहेर काढलं. मी चिडलो, "अरे, पकडले गेलो असतो तर? ती कशाला आणलीस?" तो खाली मान घालून म्हणाला, "सवय हाय मास्तर. छिन्नीबिगर बाहीर पडवत न्हाय." मला वाटलं, साहेबाचे डोळे फोडायची हुक्की आली असेल.

मग रझाकारांची धामधूम झाली, तेव्हा जाता आलं नाही. निजामाचं राज्य संपलं त्या आठवड्यात मी धावत लिंबाजीकडे गेलो. "आता बोलूया! आता कुणाची भीती?" मला वाटलं होतं तो उडी मारेल. तो जात्याला टाकी लावत होता, त्यानं हातही थांबवला नाही. "घाई नगा करू. वर चढू द्या अजून. उंचावनं पडला म्हंजी लागतंय." हे मला पटलं. आणि साहेब खरंच वर चढला. शेरवानी गेली, खादी आली, दस्तारीच्या जागी पांढरी टोपी आली. आपण परक्या राज्यातही आपल्या मातीचा ठेवा कसा जपला, यावर तो गावोगाव भाषणं देऊ लागला. मी दर सहा महिन्यांनी लिंबाजीला विचारायचो आणि तो दर वेळी काहीतरी कारण काढायचा. शेवटी शेवटी मला त्याचा संताप यायचा. बापाच्या हाताचं याला काहीच नाही का, असंही एकदा मी त्याच्या तोंडावर बोललो. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टाकी उचलून पुन्हा कामाला लागला... ती नजर मी विसरू म्हटलं तरी विसरता येणार नाही.

जाण्याआधी आठ दिवस मी त्याला भेटलो. श्वास लागत होता, वाक्य तोडून तोडून बोलत होता. "मास्तर... म्या गेल्यावर तळ्यावरचा धुण्याचा दगड उलथा. नीट बगा. मग हैदराबादला जा आन् त्योबी नीट बगा. मग तुमाला वाटंल तसं करा. म्या आडवनार न्हाय."

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सहा जणांनी पहारी लावून तो धुण्याचा दगड उलथला. त्याच पावसाळ्याअखेर लिंबाजीनं तो काठावर आणून टाकला होता आणि सहा वर्षं गावच्या बायका त्यावर धुणी आपटत होत्या. नव्या नवरीची पहिली घागरही कोंडाबाई त्याच दगडावर ओतायला लावायची, "जुनी जागा हितंच जवळ हाय" असं सांगून. म्हणजे वीर तहानलेला राहिला नव्हता. गाळ धुतला तशी नक्षी उघडी पडली. तोच घोडा, तीच तलवार. गावकऱ्यांनी आरोळी ठोकली. मी मात्र खाली वाकून बघतच राहिलो. घोड्याखाली एकच माणूस होता.

मी त्याच आठवड्यात हैदराबादला गेलो, पहिल्यांदाच एकटा. या वेळी साहेबाच्या मसाकडे पाहिलं नाही. दुसऱ्या माणसापाशी गुडघे टेकून बसलो. हाडकुळे खांदे. काखेत काहीतरी चौकोनी दाबून धरलेलं, ते मी ढालीचा तुकडा समजत होतो. मान गुडघ्यांत घातलेली, तोंड लपवणारा माणूस. आणि कानावर ते लांबट... कुंडल लोंबतं. ते लोंबत नव्हतं, कानावर आडवं खोचलेलं होतं, आणि त्याला टोक काढलेलं होतं. पहारेकरी जवळ येऊन खाकरला तेव्हा मला कळलं, की माझा हात कानावरच्या पेन्सिलीवर होता.

परतल्यावर मी कोंडाबाईसमोर जाऊन बसलो. मी विचारायच्या आधी तिनंच सांगितलं. "त्या दिशी म्या पान्यावर व्हते, मास्तर. तुमी मान हलीवल्याली म्या बघितली. त्यास्नी त्याच सांजंला सांगितलं. लई तळतळ झाली त्यांची. तवा पावसात बसून तुमालाबी घोड्याखाली घातलं. पर आबा गेल्यावर तेरा दिस तुमीच आमच्या दारात बसला व्हता. मग दर वर्साला म्हणाया लागले, त्यो कान तेवढा खरवडून टाकाया पाह्यजे. म्हणून जायाचे तिकडं. न्हाय जमलं."

म्हणजे मी सूड बघायला जात होतो आणि माझा मित्र माझ्यावरचा सूड पुसायला जात होता. साहेबाचं बिंग फोडलं तर लोक दगडाशी गर्दी करतील, पहिला ओळखतील आणि दुसराही ओळखतील, म्हणून तो थांबला. बापाच्या मोडक्या बोटांचा हिशेब त्यानं माझ्या अब्रूपायी सहा वर्षं गिळला, आणि वर माझ्याकडून, माझ्याच तोंडून, तुला काही नाही का म्हणून ऐकून घेतलं! लिंबाजी, तू मला त्या दगडात घातलंस ते बरोबर केलंस. बाहेर काढायला बघत होतास ते मात्र चूक होतं. छिन्नी पडली ते फार चांगलं झालं.

येत्या पंधरवड्यात धाराशिवात साहेबाचा जाहीर सत्कार आहे. ठेव्याचा रखवालदार म्हणून त्याला मानपत्र देणार आहेत. निमंत्रणपत्रिका घरोघर गेल्या आहेत आणि त्यांच्यावर वीरगळाचं चित्र आहे, साहेबानंच हौसेनं छापायला दिलेलं. वाचकहो, तुमच्या घरी ती पत्रिका असेल तर उजेडात धरा, भिंग असेल तर घ्या. घोड्याच्या पुढच्या टापेखालचा माणूस पाहा आणि मग सत्काराला जाऊन खुर्चीवरच्या माणसाचा चेहरा पाहा. मस डाव्या बाजूला आहे. खात्री पटली नाही तर आमच्या तळ्यावर या. खरा वीरगळ आता पुन्हा काठावर उभा आहे. त्याला शेंदूर लावायचा नाही असं गावानं ठरवलं आहे, म्हणजे कुणालाही मोजता येईल. साहेब, तुम्हीही या. तुम्ही अजून तो पाहिलेला नाही.

आणि मागच्या टापेखालचा माणूसही ओळखा. तो मी. मला वगळून हसू नका, लिंबाजीच्या कामाचा तो अपमान होईल.

हा लेख मी पेन्सिलीनंच लिहिला. हैदराबादहून परतल्यापासून पेन्सिल कानावर ठेवायचं मी सोडून दिलं होतं, खिशात टाकायचो. आत्ता शेवटची ओळ लिहून झाल्यावर हात आपोआप वर गेला, क्षणभर थांबला... आणि मी ती जिथं त्यानं कोरली आहे तिथंच खोचली.